खो-खोचा कोच आणि अकरा महिन्यांचा करार

आमच्या शाळेला कोच शोधायची गरजच नव्हती. सांगली जिल्ह्यात खो-खोचा माणूस शोधावा लागत नाही, चौकात उभं राहून हाक मारली तरी दोन माजी कर्णधार वळून बघतात. हे आमचे सर तर बीपीएड झालेले, वर पतियाळाला जाऊन एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सर्टिफिकेट कोर्स करून आलेले, आणि गेली काही वर्षं कुठल्याही कागदाशिवाय रोज संध्याकाळी पोरापोरींना पळवत होते. महिना उलटला की मुख्याध्यापिका बाई पाकीट द्यायच्या, सर व्हाउचरवर सही करायचे, विषय संपला. मग ऑडिटरनं एक दिवस व्हाउचरांचा गठ्ठा पुढे ठेवून विचारलं, "हे गृहस्थ तुमचे कोण?"

ह्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता येईना. संचमान्यतेत, म्हणजे सरकारनं मंजूर केलेल्या पदांच्या यादीत, क्रीडाशिक्षकाचं पद नाही, त्यामुळे शालार्थ ह्या सरकारी पगाराच्या प्रणालीत नाव नाही, पैसे संस्थेच्या फंडातून, म्हणजे सर शाळेत रोज दिसतात पण कागदावर नाहीत. मी बँकेत कर्जाची कागदपत्रं तपासतो, म्हणजे ह्याला जगातले सगळे कागद येतात अशी आमच्या शाळा समितीची ठाम समजूत आहे, त्यामुळे "तू एक करार करून आण" हे वाक्य माझ्याकडे बघूनच बोललं गेलं.

पहिली मीटिंग कलम एकवरच अडकली. सर नोकर की बाहेरचे? संस्थेचे अध्यक्ष आप्पा म्हणाले, "पगार लिहू नका, मानधन लिहा. नेमणूक लिहू नका. उद्या कोर्टात जाऊन परमनंट मागतील."

म्हटलं ठीक आहे, बाहेरचे प्रशिक्षक म्हणून लिहू, मग थंब मशीनवर हजेरी नको.

"थंब पायजेच की ओ! सकाळी साडेसहाला थंब, संध्याकाळी सातला थंब. नायतर कळायचं कसं आले का नाय?"

म्हणजे पीएफच्या वेळी बाहेरचे आणि थंबच्या वेळी घरचे. सीएंना फोन लावला, ते म्हणाले अहो कोच ही रीतसर प्रोफेशनच्या यादीत आहे, आयकरवाल्यांनी 2008 मध्येच नोटिफिकेशन काढून खेळाडू, पंच, कोच, ट्रेनर, फिजिओ, समालोचक सगळ्यांना 194 जेमध्ये, म्हणजे फीवर टीडीएस कापायच्या कलमात बसवलंय, फी म्हणून द्या आणि दहा टक्के टीडीएस कापा. बाईंना हे भलतंच आवडलं, आपले सर आणि टीव्हीवरचे समालोचक एका यादीत! सरांना मात्र आवडलं नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, "पगार म्हटलं तर एवढ्याशा पैशाला टॅक्स लागत नाही, फी म्हटलं की दहा टक्के जाणार, आणि हातात येणारी रक्कम तुम्ही वाढवणार नाही, बरोबर?" बरोबर होतं. रिफंड मिळतो हो, मी म्हटलं. ते म्हणाले, पोरांच्या केळ्यांचे पैसे पण रिफंडनेच येतात, मागच्या सीझनचे अजून आले नाहीत.

मग आप्पांच्या ओळखीतले वकीलकाका आले. ते रिटायर झालेत, त्यामुळे त्यांच्याकडे वेळ फार. त्यांनी आप्पांना आधी दिलासा दिला, की गोव्याच्या एका शिक्षिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं 1988 मध्येच सांगितलंय, शिक्षक म्हणजे औद्योगिक कायद्यातला कामगार नव्हे. आप्पा खुशीत. "मग आपले सर कामगार नाहीत ना?" नाहीत, म्हणजे शिक्षक धरले तर नाहीत. "आणि शिक्षक धरायचे का?" तर वकीलकाकांनी दुसरी केस काढली. आंध्रातल्या कृषी विद्यापीठाचे एक फिजिकल डायरेक्टर, त्यांना 58 ला घरी पाठवायचं की शिक्षक म्हणून 60 पर्यंत ठेवायचं असा वाद, आणि 1997 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की हा माणूस मुलांना खेळाचं कौशल्य शिकवतो, नियम शिकवतो, वर्ग संध्याकाळी भरत असला म्हणून काय झालं, शिक्षकच आहे. आप्पांचा चेहरा उतरला. त्यात वकीलकाका सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "आणि खाजगी शाळेतल्या कर्मचाऱ्यांना 1977 चा कायदा आहेच, काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणात जाता येतं." त्यानंतर आप्पांनी चहासुद्धा घेतला नाही.

शेवटी अकरा महिन्यांचा करार ठरला. अकराच का, तर करार अकरा महिन्यांचा असतो म्हणून. घरभाड्याच्या कागदांतून आलेली ही सवय आपल्याकडे इतकी मुरलीय की बाराव्या महिन्यात माणूस जेवतो की नाही हे विचारायची पद्धत नाही. आमचा बारावा महिना मे धरला. मे महिन्यात उन्हाळी शिबिर असतं, ते सर घेतात. "ते काय ते हौसेनं घेतात," आप्पा म्हणाले.

मसुदा मी लिहून दिला आणि कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे नेला. हा भला माणूस कुठलाही कागद कोऱ्या पानावरून सुरू करत नाही. त्यानं भाडेकराराची फाइल उघडली, वरची नावं खोडली आणि माझी कलमं मध्ये मध्ये पेरली. त्यामुळे आमचे कोच 'लिहून देणार, सज्ञान, धंदा – प्रशिक्षण' झाले, शाळा 'लिहून घेणार' झाली, आणि कलम अकरा असं आलं की "लिहून देणार हे सदर मिळकतीच्या भिंतीस खिळे ठोकणार नाहीत, तसेच मिळकतीत कायमस्वरूपी फेरबदल करणार नाहीत व पाळीव प्राणी बाळगणार नाहीत." मी हे कलम काढायला निघालो तर सरांनी अडवलं. म्हणाले थांबा, हे आपल्याला लागू होतं. खो-खोचे दोन खांब आम्ही जमिनीत कायमचेच रोवतो, सव्वा मीटरभर वर राहतात, म्हणजे पहिल्याच दिवशी मी करार मोडणार. आणि मैदानावर एक कुत्रं आहे, ते माझं नाही, पण रोज वॉर्मअपला येतं.

कामाच्या स्वरूपाचं कलम बाईंनी स्वतः लिहून आणलं होतं. वळणदार अक्षरात 'खो-खोचे प्रशिक्षण देणे' आणि त्यापुढे 'व मुख्याध्यापक वेळोवेळी सांगतील ती अनुषंगिक कामे.' पहिला भाग तीन शब्दांचा होता, पण सरांचा दिवस दुसऱ्या भागात जायचा. शाळेत कुठलंही काम असं असलं की ज्याला शिट्टी लागते किंवा उंच माणूस लागतो, ते खेळाच्या सरांचं. प्रभातफेरी, लसीकरणाची रांग, 15 ऑगस्टचं संचलन, गॅदरिंगचा पडदा ओढणं, माइक बंद पडला की थपडा मारणं, दहावीच्या सेंडऑफला पोरांच्या खिशातून रंग काढणं, झाडावरचं मोहोळ. सरांनी विनंती केली की अनुषंगिक कामांची यादी जोडा. बाई यादी करायला बसल्या, पान भरलं, मग त्या स्वतःच वाचून जरा ओशाळल्या आणि म्हणाल्या, "मोहोळ काढूया यातून."

निकालाचं कलम मात्र एका विश्वस्तांनी लावून धरलं. दरवर्षी किमान एक संघ विभागीय स्पर्धेपर्यंत गेलाच पाहिजे, नाहीतर मानधनात कपात. सर म्हणाले, तालुक्यात पहिल्याच फेरीत गेल्या वर्षीचा विजेता समोर आला तर? चौदा वर्षांखालचे पंधराचे झाले तर? सतराखालची टीम जमली की ती अकरावीला दुसऱ्या कॉलेजात जाते त्याचं काय? आणि दिवाळीनंतर दहावीच्या पोरांचे पालक येऊन सांगतात की आता खेळ बंद, आणि तेच पालक फेब्रुवारीत येऊन विचारतात की सवलतीच्या गुणांचा फॉर्म भरला का! विश्वस्त ऐकेनात, तेव्हा सरांनी अगदी नम्रपणे विचारलं, "गणिताच्या बाईंच्या करारात शंभर टक्के निकालाची अट आहे का साहेब?" गणिताच्या बाई त्या विश्वस्तांच्या सूनबाई आहेत. कलम मागे घेतलं गेलं.

दुखापतीचं कलम माझ्यावर आलं, कारण 'सर्व जोखीम लिहून देणाऱ्याची' हे वाक्य बँकवाल्याला छान जमतं असं आप्पांचं मत. सराव करताना विद्यार्थ्यास कोणतीही इजा झाल्यास प्रशिक्षक वैयक्तिक जबाबदार, असं टाका म्हणाले. आता खो-खोत बचाव करणाऱ्याच्या मागे धावणारं पोरगं शेवटच्या क्षणी अंग झोकून देतं, पोटावर घसरतं, कोपर सोलवटतं, उठून हसतं आणि परत बसतं, हा तर रोजचा सराव. सर म्हणाले, "डाइव्ह नको असेल तर बुद्धिबळ घ्या, मी पट आणतो." शेवटी असं लिहिलं की प्रथमोपचाराची पेटी शाळा भरून ठेवील, विद्यार्थ्यांचा विमा शाळा काढील, आणि सर हलगर्जीपणा केला तरच जबाबदार. ह्या एका वाक्यासाठी एवढी संध्याकाळ गेली की बाहेर सराव संपून पोरं घरी गेली, आणि सर मात्र ऑफिसात जोखमीवर चर्चा करत बसलेले.

एका कलमावर कुणी विनोद केला नाही, ते सरांनीच सगळ्यात आधी मागितलं होतं. मुलींचा संघ बाहेरगावी जाताना एक शिक्षिका सोबत असलीच पाहिजे, मुक्कामाची खोली वेगळी, सरांची पोलीस पडताळणी शाळेनं करून घ्यायची आणि पॉक्सोप्रमाणे, म्हणजे बाल लैंगिक अत्याचाराच्या कायद्याप्रमाणे, काही कळलं तर पोलिसांना कळवायचं, संस्थेची चर्चा नंतर. कोण शिक्षिका जाणार यावर स्टाफरूममध्ये बराच शांतपणा पसरला, पण कलम जसंच्या तसं राहिलं, राहायलाच पाहिजे होतं.

आप्पांना आणखी एक हवं होतं, की सर सोडून गेले तर दोन वर्षं तालुक्यातल्या दुसऱ्या शाळेत शिकवायचं नाही. शेजारच्या शाळेनं सरांना विचारलंय अशी कुणकुण होती. वकीलकाका खुर्चीत मागे रेलून हसले, म्हणाले आप्पा, 1872 चा करार कायदा, कलम 27, माणसाला त्याचा धंदा करायला बंदी घालणारा करार रद्दबातल. इंग्रज गेले पण हे कलम ठेवून गेले. आप्पा म्हणाले, "मग निदान आपल्या पोरांना हरवायचं नाही असं तरी लिवा."

एवढं सगळं झाल्यावर मी सरांना विचारलं की तुमच्याकडून काही? त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, एकच ओळ होती. मैदान.

आमचं मैदान लग्नसराईत भाड्यानं जातं. खो-खोचं क्रीडांगण लागतं 27 मीटर बाय 16, आणि नेमकं त्याच तुकड्यावर स्टेज बसतं, कारण तिथं सावली. मांडववाले पहारीनं वीतभर खड्डे पाडून बांबू उभे करतात, कार्य झालं की बांबू उपटून नेतात आणि खड्डे तसेच. कुणी फारच सज्जन असला तर त्यात द्रोण आणि नारळाच्या शेंड्या कोंबून वर माती ढकलतो, ते जास्त वाईट, दिसत नाही आणि पाय जातो. शिवाय हारांच्या तारा, टाचण्या. सर सोमवारी सकाळी पोरांना एका रांगेत चालवत टाचण्या वेचून घेतात, ह्याला ते वॉर्मअप म्हणतात. त्यांची मागणी एवढीच, की मांडव उतरला की 48 तासांत खड्डे मातीनं भरून, पाणी मारून, धुम्मसानं ठोकून घट्ट करून द्यायचे, आणि तोवर भाड्याची अनामत परत करायची नाही.

आप्पा म्हणाले, "सर, तुमचं मानधन त्या लग्नांच्या भाड्यातनंच निघतंय."

"म्हणूनच म्हणतो, खड्ड्यांचे पैसेही त्यातूनच निघू देत."

हे कलम एकोणीस. पाचशेच्या स्टॅम्पवर सह्या झाल्या, शंभरचा ऑक्टोबर 2024 मध्येच बंद झालाय हे कळल्यावर आप्पांना जो धक्का बसला त्यात कलम एकोणीस त्यांनी वाचलंच नाही. खड्डे बुजले की नाही हे कुणीतरी ठरवायला पाहिजे म्हणून बाईंनी लगोलग खड्डे तपासणी समिती नेमली. तिचा निमंत्रक मी.

सीझनचं पहिलं लग्न आप्पांच्या पुतण्याचं. मोठं झालं, जेवणही उत्तम होतं. तिसऱ्या दिवशी सरांनी मला मैदानाचा नकाशा आणून दिला, चौदा फुल्या, प्रत्येक फुलीशेजारी खोली सेंटीमीटरमध्ये, आणि खाली 'कलम 19 नुसार'. मी तो घेऊन आप्पांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, अनामतीची रक्कम दोनदा वाचली आणि विचारलं, "हे कलम घातलं कुणी?"

"टायपिंगवाल्यानं," मी म्हटलं, "भाडेकरारातलं राहिलं असणार."