श्रेयार्थींसाठी २०२४

सरत्या वर्षाचा ताळेबंद मांडताना बहुतेक मंडळी काय कमावले आणि काय गमावले याचा हिशेब करीत बसतात. आपण हा खुळेपणा करू नये. २०२४ हे वर्ष ज्यांनी घडवले त्यांनी ते आपापल्या कष्टाने घडवले हे खरे असले, तरी त्यात आपला काहीच हात नव्हता अशी कबुली देऊन मोकळे होणे सुजाण भारतीय नागरिकाला शोभत नाही. श्रेय मागून मिळत नसते, वेळेवर जाऊन उचलावे लागते. आणि यंदा ते इतक्या ठिकाणी सांडले होते की ज्याच्या पदरात काहीच पडले नाही, त्याने दोष आपल्या पदरालाच द्यावा.

लोकसभा निवडणुकीपासूनच पाहा. १९ एप्रिल ते १ जून या काळात, सात टप्प्यांत, घामाघूम होऊन सुमारे ६४ कोटी लोकांनी मतदान केले. शेवटचा टप्पा संपताच मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेपासून चारशेपर्यंत जागा वाटून टाकल्या, आणि ४ जूनला खरे आकडे येऊ लागल्यावर एका चाचणीवाल्या गृहस्थांना वाहिनीच्या थेट प्रक्षेपणातच रडू कोसळले. अंदाज कोणाचाही चुकतो. परंतु रडावे असे काय झाले होते? बहुमताच्या ३२ जागा अलीकडे, २४० वर थांबलेल्या पक्षाच्या कार्यालयात त्या दिवशी जल्लोष चालू होता आणि जेमतेम ९९ वर पोहोचलेल्या पक्षाच्या कार्यालयातही तो चालू होता. तेव्हा निकाल वाचण्याआधी गुलाल लावून घ्यावा. कपाळावर गुलाल असलेल्या माणसाला सहसा कोणी आकडे विचारत नाही.

महाराष्ट्राने तर ही सोय सहा महिन्यांत दोन्ही बाजूंना करून दिली. लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला आणि नोव्हेंबरात विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा महायुतीतील तीन मोठ्या पक्षांना. अशा वेळी जिंकल्यास जनता सुज्ञ आहे म्हणावे, हरल्यास मतदान यंत्राकडे बोट दाखवावे. जनता तीच असते आणि यंत्रही तेच. मधल्या काळात बहिणींच्या खात्यात दरमहा १५०० रुपये जमा होऊ लागले होते. पैसे सरकारी तिजोरीतले, खाते बहिणीचे, आणि ओवाळणी घालणारे भाऊ तीन. त्यांतल्या एकाच्या जाहिरातीतून योजनेच्या नावातला ‘मुख्यमंत्री’ हा शब्द गळाला, तर मंत्रिमंडळात रुसवेफुगवे झाले. एका शब्दाची किंमत या राज्यात अजून टिकून आहे, हे पाहून भाषाप्रेमी या नात्याने मला बरे वाटले.

श्रेय घेण्याइतकेच ते उदारपणे दुसऱ्याला देणेही जमले पाहिजे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींच्या ३५ फुटी पुतळ्याचे ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झाले, तेव्हा श्रेयासाठी दाटी झाली होती. २६ ऑगस्टला तो कोसळला आणि ते श्रेय ताशी ४५ किलोमीटर वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याला देण्यात आले. समुद्रकाठी वारा असतो, ही बाब बहुधा निविदेत नमूद नसावी. समोर खुद्द महाराजांनी बांधवलेला सिंधुदुर्ग साडेतीनशेहून अधिक वर्षे तोच वारा खात उभा आहे. पण त्याची साक्ष कोणी काढली नाही.

सांस्कृतिक क्षेत्रात थोडा धीर धरावा लागतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ साली संप करणाऱ्या विद्यार्थ्यांत पायल कपाडिया होत्या. यंदा मे महिन्यात कान महोत्सवात त्यांच्या चित्रपटाला ग्रां प्री मिळाले आणि संस्थेला आपल्या माजी विद्यार्थिनीचा अभिमान वाटू लागला. जुन्या आंदोलनाचा खटला त्या वेळी संपलेला नव्हता, परंतु अभिनंदनाच्या पत्रात अशा गोष्टी घालत नसतात. ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यासाठीची पठारे समिती २०१२ ची, म्हणजे निर्णय होईतो एक मूल जन्मून मराठी शाळेतून इंग्रजी शाळेत गेले असते. आमच्या गृहसंकुलाच्या गटावर त्या रात्री अभिनंदनाचा पाऊस पडला. बहुतेक संदेश रोमन लिपीत होते.

तथापि श्रेयाचे खरे पीक खेळात येते, कारण तिथे कष्ट करणारा थकलेला असतो. २९ जूनला बार्बाडोसमध्ये आपण विश्वचषक सात धावांनी जिंकला. ‘आपण’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. ४ जुलैला त्या ‘आपण’चे स्वागत करायला मरीन ड्राइव्हवर एवढी माणसे लोटली की समुद्र कोणत्या बाजूला आहे ते कळेना, आणि मिरवणूक संपल्यावर पालिकेच्या सफाई कामगारांनी तिथून चपलांचे ढीग उचलले. जो विजयोत्सवातून दोन्ही चपलांसह घरी परतला, त्याच्या देशप्रेमात काहीतरी कमी राहिले असे समजावे. पुढे नोव्हेंबरात मुंबईतच न्यूझीलंडने आपल्याला २५ धावांनी हरवून मालिका ३-० अशी घेतली, तेव्हा ‘आपण’ नव्हे, ‘ते’ हरले. त्यातही हताश होऊ नये; त्या कसोटीत ११ बळी घेणारा एजाज पटेल जन्माने मुंबईकरच.

विनेश फोगाट ६ ऑगस्टच्या रात्री देशाची लेक होती. ७ ऑगस्टला १०० ग्रॅम वजन जास्त भरताच देशातला प्रत्येक जण आहारतज्ज्ञ झाला. डिसेंबरात अठरा वर्षांचा गुकेश सिंगापुरात बुद्धिबळाचा जगज्जेता झाला आणि तो चेन्नईचा की तेलुगू, यावरून दोन राज्यांचे मुख्यमंत्री सरसावले. पॅरालिम्पिकमधून मात्र ७ सुवर्णांसह २९ पदके आली, आणि तिथे फारशी चढाओढ दिसली नाही. गर्दीचा त्रास होणाऱ्या श्रेयार्थींनी ती दिशा धरावी.

आता प्रत्यक्ष कृती. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा, रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील कुसाळे १ ऑगस्टला पॅरिसमध्ये नेमबाजीचे कांस्य जिंकला. खाशाबा जाधवांच्या हेलसिंकीतील पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला लाभलेले हे वैयक्तिक पदक. दुसऱ्या दिवशी आमच्या चौकात फ्लेक्स लागला. वर ओळीने नऊ नेते, उजवीकडे पुरुषभर उंचीचे, मोबाइल कानाला लावलेले ‘शुभेच्छुक’, खाली बत्तीस कार्यकर्ते, आणि डाव्या कोपऱ्यात ताटलीएवढ्या गोलात हा मुलगा. त्याचा एक डोळा दोरीच्या भोकात गेला होता, त्यामुळे तो अजूनही नेम धरून आहे असे वाटत होते.

आपणही पुढच्या वर्षाचा फ्लेक्स आत्ताच टाकून द्यावा. जानेवारीत छपाईवाल्याकडे गर्दी असते. कोण जिंकणार हे तो विचारत नाही. दहा बाय वीस की पंधरा बाय तीस, आणि तुमच्या फोटोत गॉगल ठेवायचा की काढायचा, एवढेच विचारतो. कोपऱ्यातला गोल तेवढा कोरा सोडायला सांगावे.