‘सुरक्षा दिल्लीची, त्यात गोव्याचे काय काम?’ या संदेशाला उत्तर

गोव्यातल्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर, गावाच्या, देवस्थानाच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्याही, सध्या एक लांबलचक मराठी संदेश फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा. दहशतवादाचा बंदोबस्त हे सर्वस्वी केंद्र सरकारचे काम आहे. एनआयए ही केंद्राची तपास यंत्रणा आणि एनएसजी हे केंद्राचे कमांडो दल असताना राज्याने दहशतवादविरोधी पथकावर किंवा किनारी पोलीस ठाण्यांवर खर्च करणे ही उधळपट्टी आहे. समुद्र नौदल आणि तटरक्षक दल सांभाळतात. गोव्यात आजवर काही घडलेले नाही, त्यामुळे भाडेकरूंची नोंदणी वगैरे प्रकार म्हणजे पर्यटनावर घाला आहे. शेवटी उपाय सुचवला आहे, तो असा की अमेरिकेने २००१ नंतर एकच खाते उभारून हा प्रश्न कायमचा निकालात काढला, तसेच भारताने करावे आणि राज्यांना यातून मोकळे करावे. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या परिचयातली विचारी माणसे आहेत, आणि त्यातला एखादा मुद्दा अर्धा खराही आहे. म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा जबाबदारीचा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीची पहिली नोंद ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ ही आहे आणि दुसरी ‘पोलीस’. देशाचे संरक्षण आणि सेनादले संघसूचीत आहेत, तसेच बाह्य आक्रमणापासून आणि अंतर्गत अशांततेपासून प्रत्येक राज्याचे रक्षण करणे हे अनुच्छेद ३५५ नुसार केंद्राचे कर्तव्य आहे, हे खरे. परंतु केंद्राला कर्तव्य दिले म्हणून राज्याचे काढून घेतले, असे त्या अनुच्छेदात कुठेही म्हटलेले नाही. राज्यांनाही तसे कधी नको होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र स्थापन करण्याचा आदेश काढला, तेव्हा निरनिराळ्या पक्षांच्या मुख्यमंत्र्यांनी, पोलीस हा आमचा विषय आहे, असे सांगून त्याला विरोध केला आणि तो प्रस्ताव बासनात गेला. ज्या राज्यांनी अधिकार आपल्याकडे राखला, त्यांना त्यासोबत येणारी जबाबदारी दिल्लीच्या दारात ठेवता येणार नाही.

दुसरा मुद्दा एनएसजीचा आणि एनआयएचा. संदेश लिहिणाऱ्याने २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र नीट आठवावी. दहा हल्लेखोर मुंबईत रात्री उतरले. एनएसजीचे कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून विमानाने येऊन प्रत्यक्ष कारवाईला लागले, तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली होती. मधल्या सगळ्या तासांत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, कामा रुग्णालयाजवळ आणि ताज व ट्रायडंट हॉटेलांत गोळ्यांसमोर उभे होते ते महाराष्ट्राचे पोलीस. जिवंत पकडला गेलेला एकमेव हल्लेखोर एनएसजीच्या हाती लागलेला नाही. गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीत डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या शिपायांनी आणि अधिकाऱ्यांनी त्याला धरले, आणि सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी त्याच्या बंदुकीची नळी हातात पकडून ठेवत प्राण दिले. पाकिस्तानात शिजलेला तो संपूर्ण कट न्यायालयात सिद्ध होऊ शकला, त्यामागे त्या एका नाकाबंदीचा वाटा फार मोठा आहे. ओंबळे यांचे नाव आपण आदराने घेतो, मात्र ते एका साध्या पोलीस ठाण्याचे कर्मचारी होते, याचा अर्थ आपण पुरेसा ध्यानात घेत नाही.

त्या अनुभवानंतर २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता येथे एनएसजीचे तळ उभारले गेले. गोव्यात तळ नाही. पथक मुंबईहून निघाले तरी आदेश, विमान, उतरणे आणि जागेची माहिती घेणे यात जे तास जातील, त्या तासांत कळंगुटला, मडगावला किंवा वास्कोला जे काही करायचे ते गोवा पोलिसांनाच करावे लागेल.

एनआयएबाबतचा गैरसमज त्याहून मूलभूत आहे. २००८ च्या एनआयए कायद्याच्या कलम ६ मधला क्रमच पाहा. गुन्हा नोंदला जातो तो स्थानिक पोलीस ठाण्यात. ठाण्याचा अधिकारी अहवाल राज्य सरकारला पाठवतो, राज्य तो केंद्राला पाठवते, आणि तपास एनआयएकडे द्यायचा की नाही हे केंद्र पंधरा दिवसांत ठरवते. केंद्र स्वतःहूनही तपास सोपवू शकते, पण एनआयए तो प्रत्यक्ष हाती घेईपर्यंत तपास चालू ठेवण्याचे कर्तव्य ठाण्याच्या अधिकाऱ्यावरच आहे. घटनास्थळ राखणे, स्फोटकाचे नमुने उचलणे, साक्षीदारांचे पहिले जबाब घेणे, हे सगळे त्याच काळात होते आणि पुन्हा करता येत नाही.

गोव्यात काही घडलेलेच नाही, हे विधान तर सरळसरळ चुकीचे आहे. १६ ऑक्टोबर २००९ रोजी, नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी, नरकासुरांच्या पुतळ्यांच्या स्पर्धांसाठी रस्ते माणसांनी फुललेले असताना मडगावात एका स्कूटरवर स्फोट झाला आणि ती स्कूटर घेऊन निघालेले दोघे त्यात मृत्युमुखी पडले. त्याच संध्याकाळी सांकवाळ येथे एका वाहनात आणखी एक स्फोटक सापडले. हे प्रकरण पुढे एनआयएकडे गेले, आणि २०१३ च्या अखेरीस विशेष न्यायालयाने खटल्यातल्या आरोपींची निर्दोष सुटका केली. निकालाबद्दल मला काही म्हणायचे नाही. मात्र केंद्राची तपास यंत्रणा आली की प्रकरण आपोआप तडीस जाते, हा जो विश्वास या संदेशात गृहीत धरला आहे, त्याला आपल्याच मडगावचे उदाहरण आधार देत नाही.

हे एकच उदाहरण नव्हे. मुंबई हल्ल्यासाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने अमेरिकेतील न्यायालयात दिलेल्या कबुलीनुसार, हल्ल्यानंतर चार महिन्यांनी, मार्च २००९ मध्ये, तो पुन्हा भारतात आला आणि त्याने अनेक शहरांतल्या छाबड हाउसची, म्हणजे ज्यू धर्मीयांच्या केंद्रांची, पाहणी केली. आपल्याकडच्या तपासात त्या दौऱ्यातल्या ठिकाणांत गोव्याचे नाव आले. तो एखाद्या पर्यटकासारखाच हिंडला, आणि पर्यटकाला कोणी हटकत नाही, हेच त्याला सोयीचे होते. शांत, पाहुणचाराचे ठिकाण म्हणून असलेली ख्याती संरक्षण करीत नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये बालीतल्या बॉम्बस्फोटांत २०२ माणसे मारली गेली, तेव्हा बालीचीही ख्याती अशीच होती. पहलगामच्या कुरणात २२ एप्रिल २०२५ रोजी जे २६ जण मारले गेले, त्यांतले बहुतेक सुट्टीवर आलेले पर्यटक होते. पर्यटनाची काळजी असणाऱ्याने तर सुरक्षेची मागणी सर्वांत आधी करायला हवी.

आता भाडेकरूंच्या नोंदणीकडे येतो, कारण संदेशातला अर्धा खरा मुद्दा इथे आहे. ही नोंदणी आज ज्या रीतीने होते, तिचा जाच प्रामुख्याने बांधकामावरच्या आणि ट्रॉलरवरच्या गरीब परप्रांतीय माणसाला होतो, हे मी नाकारणार नाही. मी स्वतः घरामागची खोली भाड्याने देताना अर्ज भरून ठाण्यात नेला, तेव्हा तो एका गठ्ठ्यावर ठेवला गेला, पोच मिळाली नाही आणि पुढे कोणी चौकशीलाही आले नाही. अशा कागदांचा तपासाला उपयोग होत नाही, आणि भाडेकरूच्या मनात मात्र आपल्याकडे संशयाने पाहिले जाते ही भावना घर करते. पण यावरून नोंदणीच नको, असा निष्कर्ष निघत नाही. नोंदणीची जबाबदारी भाडेकरूवर न टाकता मालकावर ठेवावी, अर्ज विनामूल्य आणि ऑनलाइन असावा, त्याची पोच मिळावी, आणि ओडिशाहून आलेल्या खलाशाला जो नियम, तोच आसगावातला बंगला महिनाभरासाठी घेणाऱ्या धनिकालाही लागू व्हावा, असा निष्कर्ष निघतो. परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत ठरावीक नमुन्यात कळवणे प्रत्येक हॉटेलमालकाला बंधनकारक आहे, आणि पर्यटकांना खोल्या देणाऱ्याने १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करणेही बंधनकारक आहे. मोबाइलवरच्या ॲपमधून भाड्याने जाणारी जी घरे या दोन्ही वह्यांत कुठेच दिसत नाहीत, ती शोधायला दिल्लीहून कोण येणार? ते काम इथल्या पंचायतीचे, पर्यटन खात्याचे आणि ठाण्याच्या बीट हवालदाराचे आहे.

अमेरिकेच्या उदाहरणावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. २००२ च्या कायद्याने तिथे २२ निरनिराळी कार्यालये एकत्र करून अंतर्गत सुरक्षेचे खाते निर्माण झाले, हे बरोबर आहे, पण एफबीआय आणि सीआयए ही दोन्ही त्या खात्याबाहेरच राहिली, त्यामुळे ‘एकच खाते’ हे वर्णनच खरे नाही. हल्लेही थांबले नाहीत. २०१३ मध्ये बोस्टनची मॅरेथॉन, २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनो, २०१६ मध्ये ऑरलँडो आणि १ जानेवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्स, ही नावे सहज आठवतात. आपत्ती निवारणाचे कार्यालय या मोठ्या खात्यात विलीन केल्यानंतर २००५ च्या कॅटरिना वादळात जी दैना झाली, तिच्यासाठी त्या खात्यावर खुद्द अमेरिकेत कठोर टीका झाली. जो प्रसंग टळला त्याचे श्रेय कोणाचे, तेही पाहावे. मे २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये उभ्या केलेल्या बॉम्बच्या गाडीतून धूर येताना प्रथम पाहिला तो पदपथावर माल विकणाऱ्या फेरीवाल्यांनी, आणि त्यांनी तो जवळच्या गस्तीवरच्या पोलिसाला दाखवला. आपल्या किनाऱ्यावरचे शॅकवाले, जीवरक्षक आणि रापणीचे जाळे ओढणारे रापणकार यांच्याकडे याच दृष्टीने पाहायला हवे.

राहिला समुद्र, आणि गोव्याच्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राने सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे दिली आणि किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या पाण्याच्या सुरक्षेसाठी तटरक्षक दलाला उत्तरदायी केले. पण त्याच रचनेत किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याची गस्त राज्याच्या किनारी पोलिसांकडे आहे, कारण मोठी जहाजे तिथे येऊच शकत नाहीत. तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुवारी, साळ, तळपण आणि गालजीबाग या नद्यांची मुखे, त्यांतल्या खाड्या आणि खारफुटीतल्या वाटा इथल्या माणसाशिवाय कोणाला ठाऊक असणार? किनारी सुरक्षा योजना मुंबई हल्ल्यानंतर घाईने आणलेला दिखावा आहे, असेही संदेशात सूचित केले आहे. वस्तुतः तिचा पहिला टप्पा २००५ मध्येच सुरू झाला. त्यात देशभरात ७३ किनारी पोलीस ठाणी आणि २०४ नौका मंजूर झाल्या, आणि त्या नौका बांधणाऱ्यांत आपली वास्कोची गोवा शिपयार्ड होती. दुसऱ्या टप्प्यात आणखी १३१ ठाणी मंजूर झाली.

२००८ मध्ये हल्लेखोरांनी वापरलेली ‘कुबेर’ ही पोरबंदरची, भारतात नोंदलेली मासेमारी नौका होती. दूरवरच्या रडारवर ती एक भारतीय ट्रॉलर म्हणूनच दिसली असती. नोव्हेंबर २०१४ मध्ये गुरुग्राम येथे नौदलाच्या ज्या केंद्राचे उद्घाटन मनोहर पर्रीकर यांनी संरक्षणमंत्री म्हणून केले, तिथे किनाऱ्यावरच्या रडारांची आणि जहाजांवरच्या ओळख-यंत्रांची माहिती एकत्र येते, आणि ते काम मोलाचे आहे. मात्र ते ओळख-यंत्र बसवण्याची सक्ती वीस मीटरहून लांब नौकांपुरती आहे, आणि आपल्याकडच्या असंख्य होड्या त्याहून लहान आहेत. अशा नौकेवर आज कोणता तांडेल (नौकेचा प्रमुख) आहे, किती खलाशी आहेत, त्यांच्याजवळ ओळखपत्रे आहेत का, गेलेली नौका ठरल्या दिवशी परतली का, हे मालीम, कुटबण किंवा शापोराच्या जेटीवरच कळू शकते. ट्रॉलरांची नोंद राज्याचे मत्स्योद्योग खाते ठेवते. नदीतल्या बार्जी, पर्यटक बोटी आणि मांडवीतली कॅसिनो जहाजे राज्याच्याच बंदर कप्तान खात्याच्या अखत्यारीत येतात. नौदलाला हे माहीत आहे, म्हणूनच जानेवारी २०१९ पासून होणाऱ्या ‘सी व्हिजिल’ या किनारी सुरक्षेच्या सरावात किनारी पोलीस, मत्स्योद्योग आणि बंदरे यांना सोबत घेतले जाते. ज्या समुद्राबद्दल नौदल स्वतः राज्याची मदत मागते, त्याबद्दल राज्याने हात झटकावेत, असे आपण कसे म्हणायचे?

खर्च वाया जातो, ही तक्रार मी पूर्णपणे फेटाळणार नाही. महालेखापरीक्षकांनी किनारी राज्यांच्या अहवालांत वेळोवेळी दाखवले आहे की नौका इंधनाअभावी, दुरुस्तीअभावी किंवा प्रशिक्षित माणसांअभावी धक्क्याला बांधून राहतात. समुद्रावरच्या कामासाठी तयार केलेला पोलीस व्हीआयपी बंदोबस्ताला पाठवला जातो, तेव्हा त्याच्या प्रशिक्षणावरचा पैसा खरोखरच वाया जातो. पण या तक्रारीवर उपाय म्हणून ठाणीच बंद करायची झाली, तर ज्या नौका धक्क्याला बांधून ठेवणे ही चूक होती, त्या आपण कायमच्या धक्क्याला बांधतो.

म्हणून हा संदेश पुढे पाठवण्याऐवजी आपल्या आमदाराला काही साधे प्रश्न विचारावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. गेल्या वर्षभरात किनारी पोलिसांची प्रत्येक नौका किती दिवस आणि किती तास पाण्यात होती? किनारी ठाण्यांत मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत, आणि त्यांतल्या किती जणांना समुद्रावर काम करण्याचे प्रशिक्षण मिळाले आहे? मागच्या सरावात कोणत्या त्रुटी आढळल्या आणि त्यांतल्या किती दूर झाल्या? भाडेकरूंच्या जमा झालेल्या अर्जांपैकी किती प्रत्यक्ष पडताळले गेले? या सगळ्याची उत्तरे राज्याच्या गृहखात्याकडे आहेत, आणि ती लेखी मागण्याचा अधिकार पर्वरीच्या विधानसभेत बसणाऱ्या प्रत्येक सदस्याला आहे.