‘पत्रा ठोका, पुट्टी भरा, विषय कट’? तसा तो कट होत नाही

कोल्हापुरातल्या गाडीवाल्यांत सध्या एक मेसेज फिरतोय: “जुनी गाडी समोरून ठोकली? घाबरू नका. बॉनेट लागतंय ना, मग चासी ओके. पत्रा ठोका, पुट्टी भरा, रंग मारा, शेवटी अलाइनमेंट करा. जुन्या गाडीला क्लेम मिळत नाही, त्या नादाला लागू नका. दोन दिवसांत विषय कट.”

घाबरू नका, एवढं बरोबर आहे. पंधरा वर्षांच्या अल्टोला सगळे पार्ट नवेकोरे घालायची गरज नसते. बाकीचं बघू.

“बॉनेट लागतंय, मग चासी ओके.” बिजागरीची भोकं मुद्दाम मोठी ठेवलेली असतात. बोल्ट सैल करून डेंटर (पत्र्याचं काम करणारा) बॉनेट चार-पाच मिलिमीटर सहज सरकवतो. म्हणजे लागलेलं बॉनेट डेंटरचा हात सांगतं, चासीचं, म्हणजे पुढची धडक झेलणाऱ्या खालच्या लांब दांड्यांचं, काही सांगत नाही. टेप घ्या. डाव्या स्ट्रटच्या (पुढच्या चाकाच्या उभ्या शॉकअब्सॉर्बरच्या) वरच्या नटापासून उजव्या हेडलाइटच्या फिटिंगच्या भोकापर्यंत मोजा, मग उलट बाजूने. फरक 3 मिलिमीटरच्या वर गेला की काहीतरी हललंय. आकडे सारखे आले तरी लगेच खूश होऊ नका, दोन्ही बाजू सारख्याच मागे दबल्या तर कर्णही सारखेच येतात. म्हणून गाडीखाली लोअर आर्मच्या (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) मागच्या बोल्टपासून चासीच्या पुढच्या टोकापर्यंत मोजायचं आणि तेच माप त्याच मॉडेलच्या न ठोकलेल्या गाडीवर ताडून बघायचं. ॲप्रनच्या (बॉनेटखाली चाकावर असलेल्या आतल्या पत्र्याच्या) सांध्यावर भरलेलं सीलर तडकलंय का, पुढच्या दाराची फट वरच्या बाजूला कमी झालीय का, हेही बघा. फट कमी असेल तर धक्का आतपर्यंत गेलाय.

“पत्रा ठोका.” फेंडर (चाकावरचा बाहेरचा पत्रा) ठोका, चासी नको. चासी नुसती वाकली असेल तर साखळीने सावकाश ओढतात, ताण धरून आजूबाजूला हलके ठोके देतात आणि हवी त्यापेक्षा किंचित जास्त ओढतात, कारण पत्रा परत मागे येतो. घडी पडली असेल तर मात्र तेवढा तुकडा बदलायचा. गॅसने लाल करून सरळ केलेली चासी दिसते झकास, पुढच्या धडकेत तिथेच आधी दुमडते. उलटा प्रकारही चालतो. उद्यमनगरात (कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या भागात) जाड पट्टी कापून मिळते, ती वरून वेल्ड करून “मजबूत” केली म्हणतात. पण तो भाग धडकेत दुमडण्यासाठीच बनवलेला असतो. तो दुमडला नाही तर धक्का आत बसलेल्यांपर्यंत जातो.

शो (हेडलाइट आणि रेडिएटर धरणारा पुढचा पत्रा) बदलताना स्पॉट वेल्ड 8 मिलिमीटरच्या कटरने सोडवा आणि उघड्या पत्र्याला झिंक प्रायमर लावा. नवा शो आधी क्लॅम्पवर धरून बॉनेट, फेंडर, हेडलाइट टांगून फटी जुळवा, वेल्डिंग त्यानंतर. घाईत आधी वेल्ड केला की हेडलाइटची भोकं जुळत नाहीत आणि मग कानस बाहेर निघते.

“पुट्टी भरा.” 2 ते 3 मिलिमीटरपर्यंत. त्याहून जाड थर तडकतो. हार्डनर (पुट्टी घट्ट करणारी पेस्ट) 100 ग्रॅम पुट्टीला साधारण 2 ग्रॅम. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला की पुढे रंगातून डाग वर येतो. कच्ची पुट्टी पाणी पिते, त्यामुळे आपल्याकडच्या जुलैत ती पाणी लावून घासली की काही महिन्यांत रंगाला फुगे आणि खाली गंज. 80, 180, 320 नंबरच्या पेपरने कोरडीच घासा. पाणी लावायचं ते प्रायमर वाळल्यावर, 600 नंबरच्या पेपरला. गाडी ताब्यात घेताना फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक फिरवा. जिथे धरत नाही तिथे पुट्टीचा डोंगर आहे.

“शेवटी अलाइनमेंट करा.” बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) बदलता येतो. स्ट्रटची जागाच सरकली असेल तर टो बरोबर दाखवूनही गाडी एका बाजूला ओढते आणि टायर कडेने झिजतो. छापील कागद मागा, त्यात कॅम्बरची (समोरून बघताना चाक किती कललंय त्याची) ओळ बघा. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर गाडी परत डेंटरकडे.

“क्लेम मिळत नाही.” नुसती थर्ड पार्टी (फक्त समोरच्याचं नुकसान भरणारी) पॉलिसी असेल तर खरंच नाही. पूर्ण पॉलिसी असेल तर 10 वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी पार्टवर 50 टक्के घट धरतात, प्लॅस्टिकवर वय काहीही असो 50 टक्के, काचेवर शून्य. मजुरीवर घट नाही. 1500 सीसीपर्यंत पहिले 1000 रुपये तुमचे. फक्त बंपर आणि एक फेंडर गेला असेल तर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) घालवण्यापेक्षा खिशातून करा. चासी ओढायची असेल तर क्लेम करा, पण सर्व्हेअर येण्याआधी गाडी खोलू देऊ नका.