खाली कुणाचा बर्थडे होता का, मॅडम?

आज ऑफिसात आगीचं मॉक ड्रिल झालं. साडेअकराला होणार असा मेल कालच आला होता, त्यामुळे निम्मं पब्लिक सव्वाअकरालाच चहाच्या निमित्ताने खाली सटकलं. भोंगा वाजला तेव्हा उरलेले आम्ही लॅपटॉप बगलेत मारून हसत-खिदळत सहा मजले उतरलो. पार्किंगमध्ये रांगा लावल्या, एचआरच्या मुलाने टॅबवरून नावं वाचली, ‘ऑल सेफ’ म्हणून अंगठा वर केला. 6 मिनिटं 40 सेकंद. टाळ्या, ग्रुप फोटो, सामोसे.

माझा चष्मा वर राहिला होता म्हणून मी सामोसा सोडून वर गेले. (हो, लिफ्टने. ड्रिल संपलं होतं.) तर पँट्रीसमोर दोन मावश्या निवांत फरशी पुसत होत्या. त्यातल्या एकीने पोछा पिळता पिळता विचारलं, "खाली कुणाचा बर्थडे होता का, मॅडम?"

म्हटलं, अहो, भोंगा नाही का ऐकलात?

"ऐकला की. पण तो तुमच्यासाठी असतो ना."

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. घरी येऊन स्वयंपाक केला, भाजीत मीठ दोनदा घातलं, आणि आता लिहायला बसलेय. मोठं होणार आहे, आधीच सांगते.

खाली जाऊन एचआरच्या मुलाला विचारलं की वरच्या मावश्या मोजल्यास का. तो म्हणाला, "मॅम, त्या एजन्सीच्या आहेत. त्यांचं अटेंडन्स आपल्याकडे नसतं." अगदी सभ्यपणे म्हणाला. एजन्सीचं ऑफिस हडपसरला. म्हणजे उद्या बाणेरला खरंच धूर झाला तर आत कोण राहिलंय हे हडपसरला फोन करून विचारायचं. लंच टाइम असेल तर थांबायचं.

मला हे इतकं का लागलं ते सांगते. जुन्या मित्रमैत्रिणींनी ही गोष्ट ऐकलीय, पण अर्धीच. अर्धी मी कधी सांगितलेली नाही.

2009 साल. माझी दुसरी नोकरी, बाजीराव रोडजवळ एका जुन्या चार मजली इमारतीत. तिसऱ्या मजल्यावर आम्ही. खाली मुख्य जिन्याच्या पोटात सगळ्या इमारतीचे विजेचे मीटर, त्यांच्यासमोर कुणाचे तरी पुठ्ठ्याचे खोके, वर वायरींचं जाळं. पुण्यातल्या निम्म्या जुन्या इमारती अशाच आहेत, तुमचीही असेल, उद्या खाली उतरताना बघा. त्या दिवशी दुपारी जळकट वास यायला लागला. आमचे साहेब म्हणाले, "बसा बसा, शेजारचा जनरेटर आहे." आम्ही बसलो. साहेब बसा म्हणाले की आपण बसतो. दहा मिनिटं बसलो असू. मग दिवे गेले, कुणीतरी जिन्याचं दार उघडलं आणि धूर असा आत आला की जणू दाराबाहेर उभा राहून वाटच बघत होता.

तोवर मला वाटायचं आगीत माणूस भाजून मरतो. बहुतेकदा त्याआधी धूरच मारतो. ज्वाळा खालीच असतात, धूर आधी वर येतो, आणि उघडा जिना म्हणजे त्याच्यासाठी बांधून ठेवलेलं धुराडं. चार श्वास घेतले की हातपाय ऐकेनासे होतात. त्या दहा मिनिटांत आम्ही मुख्य जिन्याने चालत, गप्पा मारत उतरलो असतो. त्यानंतर तो जिना उरलाच नाही.

मागे दुसरा जिना होता. त्याच्या दाराला कुलूप. का, तर लोक तिथे गुटखा थुंकतात आणि एकदा कुणाच्या तरी बॅटऱ्या चोरीला गेल्या होत्या. किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन चहाला. (बॅटऱ्या खरंच गेल्या होत्या, मान्य. पण म्हणून कुलूप?)

ते दार उघडलं शांतामावशींनी. आमच्याकडे झाडूपोछा करायच्या. मागच्या जिन्यात त्या फडकी वाळत घालायच्या, म्हणून त्यांनी वॉचमनकडून एक जादा किल्ली करवून घेतली होती. चोरून, कारण परवानगी नव्हती. त्यांनी ओलं फडकं तोंडाला बांधलं, आम्हालाही भिजवून दिली, "वाका, वाका, भिंत धरून चला" असं ओरडत सगळ्यांना त्या अंधाऱ्या जिन्यात घातलं. कुठल्या कोर्समध्ये शिकल्या होत्या? कुठल्याच नाही. इमारत त्यांना पाठ होती, आम्हाला फक्त आमची खुर्ची पाठ होती. गोष्टीचा हा अर्धा भाग मी पंधरा वर्षं चवीने सांगत आलेय.

आता आजच्याकडे. ड्रिलआधी एका तज्ज्ञांचं व्याख्यान होतं. अग्निशमन सेवा सप्ताह चालू आहे ना. 14 एप्रिलला सुट्टी असते म्हणून आमच्याकडे तो दोन दिवसांनी उजाडतो. 1944 साली त्याच तारखेला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, त्यांच्या स्मृतीसाठी हा सप्ताह. छान बोलले ते, खोटं कशाला बोलू. सिलिंडरची पिन कशी ओढायची, नळी ज्वाळांच्या टोकावर नाही तर बुडाशी कशी धरायची, सगळं दाखवलं. फक्त ते बोलत होते तेव्हा त्यांच्या मागे जिन्याचं दार सताड उघडं होतं, आणि ते मिटू नये म्हणून त्याला टेकण लावलं होतं एका लाल सिलिंडरचं! आग विझवायचं सिलिंडर दाराला टेकण. ते दार मिटलेलं राहावं म्हणूनच जड केलेलं असतं हो, धूर जिन्यात शिरू नये म्हणून. पण एसीवाल्याला ये-जा करायला बरं पडतं.

लिफ्टशेजारी बाहेर पडायचा नकाशा आहे, ‘तुम्ही इथे आहात’ वाला. मी आज पहिल्यांदा नीट बघितला. नकाशात डावीकडे असलेला जिना प्रत्यक्षात उजवीकडे आहे, कारण नकाशा काढला समोरच्या भिंतीसाठी आणि ठोकला या भिंतीवर. आणि आम्ही रांगा लावल्या ती जागा? गेटच्या आत बरोब्बर तिथे, जिथे बंब येऊन उभा राहणार. खरी आग असती तर दोनशे माणसं बंबाच्या वाटेत, हातात सामोसे घेऊन.

आणि कागद? कागद चोख असणार. आपल्याकडे महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा 2006 चा कायदा आहे, त्याखाली दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन बी फॉर्म भरायचा असतो, की यंत्रणा चालू स्थितीत आहे. पंप, पाइप, भोंगा सगळं त्यात येतं. पोछा मारणाऱ्या बाईला भोंगा आपला वाटतो की नाही, याचा रकाना त्यात नाही.

आता मी चिडणार आहे. ज्यांना ‘शैलजाचं (माझंच टोपणनाव, शाळेपासूनचं) परत सुरू झालं’ वाटतंय त्यांनी पुढे वाचू नका.

मुंबईच्या कमला मिलमधली पबची आग सगळ्यांना आठवते. 29 डिसेंबर 2017, 14 जण गेले, त्यातले बरेचजण स्वच्छतागृहापाशी सापडले, कारण बाहेर कुठून पडायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. आपण सगळ्यांनी तेव्हा पोस्टी लिहिल्या, मीही लिहिली. त्याच्या बरोब्बर अकरा दिवस आधी, 18 डिसेंबरला, साकीनाक्याला खैरानी रोडवर एका फरसाणाच्या गाळ्यात पहाटे आग लागली आणि 12 कामगार गेले. तिथेच झोपायचे, पोटमाळ्यावर. त्यावर लिहिलेली आपल्यातल्या एकाची तरी पोस्ट दाखवा. माझी नाहीये. मी आत्ता मागे जाऊन बघितलं.

लांब कशाला, आपलं उरुळी देवाची. मे 2019. साड्यांच्या दुकानात पाच कामगार रात्री झोपले होते आणि दाराला बाहेरून कुलूप. पाचही गेले. 2021 च्या जूनमध्ये पिरंगुटजवळच्या कंपनीत 17 जण गेले, बहुतेक बायका. आणि गेल्या डिसेंबरात, 2025 च्या, गोव्यात हडफड्याला त्या नाइटक्लबमध्ये 25 जण. बातम्या सगळ्या पर्यटकांच्या, नाचगाण्याच्या, पण गेलेल्यांत बहुतेक तिथले कर्मचारीच होते. तळघरात स्वयंपाकघर होतं. गिऱ्हाइकांना निदान पुढचं दार माहीत होतं.

मला कुणी आकडेवारी मागू नका. मला जे दिसतं ते मी लिहितेय.

बरं. आता उरलेली अर्धी गोष्ट.

त्या दिवशी बाजीराव रोडवर आम्ही सगळे खाली आलो, समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. नाकं काळी, डोळ्यांतून पाणी. साहेबांनी मस्टर आणायला लावलं होतं, ते माझ्याच हातात होतं. मी धुरातून मस्टर छातीशी धरून आले होते, काय अक्कल! मी नावं वाचली. 34 पैकी 34. साहेब म्हणाले, देवाची कृपा. कुणीतरी चहा सांगितला, मी घेतला. साखर जास्त होती, ते अजून आठवतं.

वीस-पंचवीस मिनिटांनी शेजारच्या इमारतीच्या दारातून शांतामावशी बाहेर आल्या. केस, साडी सगळं काळं. चौथ्या मजल्यावर एका वकिलांकडे एक म्हातारे गृहस्थ आले होते, त्यांना घ्यायला त्या परत वर गेल्या होत्या. पण खाली उतरता येईना, म्हणून दोघं गच्चीवरून शेजारी गेले. त्या येऊन माझ्याच शेजारी कट्ट्यावर बसल्या. मी म्हटलं, अहो मावशी, तुम्ही होतात कुठे?

त्या म्हणाल्या, "मला कुणी हाक मारली नाही."

रागाने म्हणाल्या नाहीत. खोकत खोकत, नुसतं सांगितल्यासारखं.

मस्टरवर त्यांचं नाव नव्हतं. त्यांना पगार पाकिटातून मिळायचा. पण मला त्यांचं नाव माहीत होतं हो! रोज सकाळी माझ्या टेबलावर पाणी त्या ठेवायच्या. त्यांच्या हातचं फडकं अजून माझ्या गळ्यात होतं आणि मी 34 पैकी 34 म्हणून मोकळी झाले होते.

तेव्हा आज त्या एचआरच्या मुलावर मी जी ओरडले, चारचौघांत, त्याबद्दल मला आता कसंतरी होतंय. पोरगा सव्वीस वर्षांचा आहे. त्याला जी यादी दिली ती त्याने वाचली. मीही तेच केलं होतं, तेव्हा मी त्याच्याएवढीच होते. रात्री आठला त्याचा मेसेज आला, "मॅम, एजन्सीकडे रोजची यादी मागितली आहे. आणि ड्रिलला अकाउंट्समधल्या मॅडमना बसून राहा असं मीच सांगितलं होतं, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून. तेही चुकलं का?"

चुकलं रे बाबा, पण तू विचारलंस. ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांना ड्रिलमधून वगळायचं नसतं, त्यांच्यासाठीच ते करायचं असतं. कोण दोघं त्यांना धरणार, खुर्चीतून उचलायचं तर खुर्ची कुठली, जिन्याच्या वळणावर ती मावते का. हे एकदा करून बघितल्याशिवाय कळत नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी 2021 मध्ये मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत 10 तान्ही बाळं गेली. त्यांना कुठला बाण आणि कुठला नकाशा दाखवणार होतो आपण? तिथे कुणीतरी उचलूनच न्यायला हवं होतं. हे लिहिताना माझा हात थांबतो, पुढे जाते.

कुणीतरी कमेंटमध्ये म्हणणारच की न सांगता भोंगा वाजवला तर चेंगराचेंगरी होईल, क्लायंटचे कॉल अर्ध्यात तुटतील, कामाचा तास जाईल. जाईल. तासच जाईल.

संध्याकाळी निघण्याआधी मी एक वही घेतली आणि मजल्यावर फिरले. म्हटलं, एजन्सीची यादी येईल तेव्हा येईल. चार हाउसकीपिंगच्या, दोघं पँट्रीचे, तिघं सिक्युरिटीचे. पूर्ण नाव, मोबाइल, घरचा एक नंबर. सकाळच्याच त्या मावशी, बर्थडेवाल्या, नाव सांगेनात. एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकीने हळूच विचारलं, "पगार कापणार का, मॅडम?"

नाही म्हटलं, कापणार नाही, आग लागली तर हाक मारायला. त्या हसल्या. बहुतेक पटलं नाही त्यांना. पण नाव सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की मागच्या जिन्याचं खालचं दार संध्याकाळी सातनंतर बाहेरून बंद करतात. सात वर्षं मी या इमारतीत आहे, मला माहीत नव्हतं.

नऊ नावं झालीत. रात्रपाळीला कुणी एक काका असतात, त्यांना सगळे काकाच म्हणतात. त्यांचं नाव नऊ जणांपैकी कुणालाच माहीत नाही. उद्या साडेआठपर्यंत थांबून विचारून येते.