“पाय सरळ ठेवा” एवढं सांगायला किती वेळ लागतो?

आज डोकं फिरलंय, म्हणून लांब लिहितेय.

अंबाजोगाईकडचे एक काका. अंगावरून वारं गेलं म्हणून संभाजीनगरला आणलेले. जांघेतून तार घालून मेंदूतली गुठळी काढली, दुपारी हात हलला, बोबडं का होईना बोललेसुद्धा. संध्याकाळी लेकानं लघवीला म्हणून उठवून बसवलं, पाय जांघेत वाकला. जांघ भराभर फुगली आणि लेक बिचारा पट्टीवरच कापूस दाबत बसला.

अहो, तार घालायला जांघेतल्या धमनीला पाडलेलं ते भोक सलाईनच्या सुईचं नसतं. ८ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) नळी म्हणजे अडीच मिलिमीटरच्या वरचं काम. त्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलेलं असलं की रक्त लवकर थिजत नाही. आणि सुई तिरपी जाते, त्यामुळे धमनीचं भोक कातडीच्या भोकापेक्षा दोनेक बोटं वर, पोटाकडं असतं. सिस्टरला हाक मारायची आणि ती येईपर्यंत तिथं दाबून धरायचं, मधेमधे उचलून बघायचं नाही. पट्टीवर दाबलं तर बाहेरचं थांबतं, आतलं साचत राहतं. कधी रक्त पोटामागं उतरतं. बाहेर थेंब नाही, कंबर दुखते, नाडी पळते, बीपी पडतं. आणि आपण कंबरेला बाम चोळतो!

तार घालायच्या आधी संमतीची सही घेताना काय सांगतात? “रिस्क असते.” कसली? तारेनं मेंदूतली बारीक धमनी फुटू शकते. ओढताना गुठळीचा तुकडा सुटून दुसऱ्या फांदीत अडकतो. धमनीचं आतलं अस्तर सोलतं. मोकळी झालेली धमनी पुन्हा बंद पडते. मेलेल्या भागात रक्त जोरानं शिरलं की तिथं रक्तस्राव, म्हणून बीपी १८०/१०५ च्या आत ठेवतात. पण वरचा आकडा मुद्दाम १२० च्या खाली आणला तर रुग्णाचं नुकसानच होतं. हे न सांगितल्यावर नातेवाईक “बीपी नॉर्मल का करत नाही?” म्हणून भांडणारच की.

मान्य, मध्यरात्री एकेक मिनिट मोलाचं असतं, तासभर समजावत बसता येत नाही. पण पाय वाकवू नका, हे दोन शब्द?

आणि “तार घातली म्हणून मेंदूत रक्त झालं” म्हणणाऱ्यांनो, २०१५ च्या पाच मोठ्या चाचण्या एकत्र केल्या तेव्हा त्रासदायक रक्तस्राव तार घातलेल्यांत ४.४ टक्के आणि न घातलेल्यांत ४.३ निघाला. तार नसती तर काका आज बोललेच नसते.

त्या लेकावर तरी कसं चिडायचं? बाप म्हणाला होता, “पलंगावर नको रे, लाज वाटते.”

सूज लिंबाएवढी होऊन थांबली. पाऊल गरम आहे, नाडी लागतेय, म्हणजे पायाला रक्त पोचतंय. लेक युरिन पॉट मांडीवर घेऊन उशाशी बसलाय.