पेट्रोलने हात धुऊ नका, एका मिस्त्रीचं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. घरी गाडीची चेन साफ केली किंवा ऑइल बदललं की हात कसे धुवायचे, याचा ‘मिस्त्री लोकांचा जुना उपाय’. त्यात म्हटलंय की झाकणभर पेट्रोल हातावर चोळा, ते उडून जातं, अंगाला काही लागत नाही. पेट्रोलशिवाय ग्रीस निघतच नाही. वास राहिलाच तर धुण्याची पावडर आणि बारीक वाळू लावून घासा. मिस्त्री तीस-तीस वर्षं हेच करतात, त्यांना काही होत नाही. आणि कापलेल्या बाटलीत थोडं पेट्रोल कायम हाताशी असू द्या.

सेलूला माझं दुचाकीचं गॅरेज आहे, २२ वर्षं झाली. त्यातली पहिली ११ वर्षं मी हेच केलं आणि हाताखालच्या पोरांनाही हेच शिकवलं. म्हणून उत्तर देणं मला भाग आहे.

‘उडून जातं’ यापासून सुरू करतो, कारण सगळा मेसेज याच्यावर उभा आहे. पेट्रोल उडतं, पण त्यात विरघळलेलं जळकं ऑइल उडत नाही. ते पातळ होऊन बोटांच्या रेघांत, नखांच्या कडेला, जिथे कातडी फाटलेली असेल तिथे आत उतरतं आणि पेट्रोल गेल्यावर तिथेच राहतं. इंजिनात फिरून आलेल्या काळ्या ऑइलमध्ये जळणातून तयार झालेली बेंझोपायरीनसारखी द्रव्यं असतात आणि बेंझोपायरीनची नोंद कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत आहे. खुद्द पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. बीएस-६ या सरकारी इंधन-नियमाने ते १ टक्क्याच्या आत ठेवावं लागतं, पण असतंच, आणि तेही त्याच यादीत आहे. कातडीतून ते थोडं जातं, श्वासातून जास्त. ओंजळीत पेट्रोल घेऊन चोळणारा माणूस त्यावर वाकलेला असतो, तोंड हातापासून वीतभर लांब. म्हणजे जे उडून गेलं, ते आधी आपल्याच नाकात गेलं.

दुसरं, कातडीचा स्वतःचा स्निग्धांश. तोच तिच्यातला ओलावा धरून ठेवतो. पेट्रोल ग्रीससोबत त्यालाही काढून नेतं. चोळल्यावर हात पांढरट, खरखरीत दिसायला लागतो, तो यामुळे. आपण समजतो हात स्वच्छ झाला.

पेट्रोलशिवाय निघतच नाही, हे चूक. तेल तेलात विरघळतं म्हणून पेट्रोल काम करतं, हे बरोबर. पण मग घरातलं कुठलंही गोडं तेल तेच काम करतं. करडईचं, सरकीचं, भजी तळून उरलेलं असलं तरी चालतं. खोबरेल उत्तम, पण आपल्याकडे थंडीत ते थिजतं. एकच अट, हात कोरडे हवेत. बहुतेक जण इथेच चुकतात. आधी नळाखाली हात धरतात, मग ओल्या हातावर तेल पकड घेत नाही आणि काळं सगळीकडे पसरतं. कोरड्या हातावर चमचाभर तेल, त्यात चमचाभर साखर, आणि दोन मिनिटं चोळायचं, बोटांच्या बेचक्यात जरा जास्त. काळं सुटून तेलात आलं की जुन्या सुती फडक्याने पुसून घ्यायचं. मग भांडी घासायचा लिक्विड साबण, तोही आधी कोरड्यावरच चोळायचा, आणि शेवटी पाणी. अशाने दोन तांब्यांत हात निघतो. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या भागात हा हिशोब लहान नाही.

वाळूचं फार बोलत नाही. तिने कातडीवर बारीक ओरखडे पडतात आणि उरलेलं ऑइल त्यातच जातं. साखर पाण्यात विरघळून जाते. सुताराकडचा बारीक भुसाही चालतो.

धुण्याची पावडर मात्र लोक का वापरतात हे मला ठाऊक आहे. बोअरचं पाणी जड, त्यातल्या क्षारांमुळे अंगाच्या साबणाला फेस येत नाही, उलट हातावर चिकट थर बसतो. पावडरला फेस येतो, म्हणून हात तिच्याकडे जातो. पण तिच्यात धुण्याचा सोडा असतो, तो कपड्यांसाठी. आपली कातडी किंचित आम्लधर्मी असते. आधी पेट्रोल, वर सोडा, असा दुहेरी मार रोज बसला की ती सावरत नाही. भांड्याच्या लिक्विडला जड पाण्यातही बऱ्यापैकी फेस येतो.

आता ते ‘मिस्त्रींना काही होत नाही’. कोणी विचारलं मिस्त्रींना? माझ्या दोन्ही हातांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, उन्हाळा-पावसाळा कायम. ज्वारीची भाकरी मोडताना टोचायची. ठेच्याला बोट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून दोन वर्षं मी चमच्याने जेवलो. घरात कोणी विचारलं की थंडीचं आहे म्हणायचो. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, हात कशाने धुता? पेट्रोल बंद केल्यावर भेगा भरायला पाच-सहा महिने लागले. आजही कुठल्याही उग्र साबणाने तिथली कातडी लाल होते. गावोगावच्या गॅरेजात १५-१६ वर्षांची पोरं दिवसातून आठ-दहा वेळा पेट्रोलमध्ये हात बुडवतात. त्यांचा त्रास कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून तो नसतो असं होत नाही.

घरी महिन्यातून एकदा चेन साफ करणाऱ्याने तर सरळ नायट्राइलचे, म्हणजे तेलाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचे, हातमोजे घालावेत. फुग्यासारखे रबरी मोजे तेलाने फुगतात आणि फाटतात. चेन मात्र इंजिन चालू ठेवून कधीच साफ करू नका. गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवून. मोज्यांनी पकड येत नसेल तर कामाआधी नखं साबणाच्या वडीवर ओढून घ्या. नखांत साबण भरला की काळं शिरायला जागाच राहत नाही. आणि शेवटी थोडं काळं राहिलंच तर राहू द्या, दोन-तीन दिवसांत जातं.

राहिली कापलेली बाटली. या मेसेजमधली सर्वांत घातक ओळ तीच आहे. उघड्या पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत पसरते आणि दहा-पंधरा फुटांवरच्या विडीला किंवा वेल्डिंगच्या ठिणगीला गाठते. आग तिथे लागते आणि त्याच वाटेने बाटलीकडे येते. तेव्हा हात पेट्रोलने ओले असतात. माझ्या गॅरेजात त्या जागी आता झाकणाची बरणी आहे, तळणीच्या तेलाची, आणि शेजारी साखरेचा डबा. मुंग्या लागतात, म्हणून त्याचं झाकण घट्ट लावावं लागतं, एवढंच.