दोन इंची पाइप घेणाऱ्यांसाठी काही सूचना

शेतात पाइपलाइन करायची ठरवलीत? उत्तम. टेप घरीच ठेवा, उगाच शंका येतात.

सातबारा हेक्टर-आरमध्ये, भाऊबंद गुंठ्यात, नांगरणीवाला एकरात. सगळ्यांना हो म्हणा.

बोअर फुटात घ्या, मोटरच्या पाटीवरचा हेड, म्हणजे पाणी किती उंच चढेल ते, मीटरमध्ये वाचा. पाणी किती लागलं विचारलं तर 'दोन इंच' सांगा. तासाला किती लिटर, असं विचारणाऱ्याला शेतीतलं काही कळत नाही.

पाइप 'सहा केजी'चा मागा, पण काट्यावर ठेवू नका. तो दाब आहे, चौरस सेंटिमीटरवरचा. गेज मात्र पीएसआयचाच मिळेल, म्हणजे चौरस इंचावर किती पौंड ते. काटा ८५ वर आला की तुमचे सहा भरले.

ठिबकची नळी १६ मिलिमीटर, ड्रिपरमधलं अंतर सव्वा फूट. चालायचंच.

आता दोन इंची. शेतीचा दोन इंची पीव्हीसी बाहेरून ६३ मिलिमीटर. घरच्या प्लंबिंगचा दोन इंची ६०.३. खरे दोन इंच ५०.८, बाहेरून तेवढा यातला एकही नाही. तर तुम्ही काय करायचं, दोन पाइप जोडायला दुकानात जाऊन नुसतं 'दोन इंची कपलर' म्हणायचं आणि मिळेल तो प्रसाद समजून घ्यायचा. परवा मी आगाऊपणा करून ६३ चा आकडाही सांगितला. "हो हो, तोच," म्हणत काउंटरवरच्याने साठाचा हातात ठेवला. इकडे चर खोदून तयार, माणसं रोजावर बसलेली, आणि पाइप कपलरात जाईना. फोन केला तर म्हणे, "जरा तापवा, बसतो." तापवला. पाचटाच्या जाळावर कड काळी पडली, तोंड वाकडं झालं, ताणून बसवला तर भिंत कागदासारखी पातळ. वर चिकटवायचं सोल्युशन थापलं. मोटर चालू केली आणि तिथूनच कारंजं. परत न्यायला गेलो तर, "वापरलेला माल परत घेत नाही."

अरे, तापवायला कोणी सांगितलं होतं? पाइपवर ६३ छापलेलं असतं, मी तोंडाने ६३ सांगितलं, तरी बिलावर 'दोन इंच'च? दशमान मापांचा कायदा १९५६ मध्येच आला. तुमच्या वडिलांनी दुकान टाकलं तेव्हाही तो होता. "शेतीचा की घरचा?" एवढं विचारायला काय पैसे पडतात? आणि कंपनीवाल्यांनो, जाहिरातीसाठी भिंती रंगवता, मग कपलरवर बाहेरचा व्यास ठळक छापायला शाई संपते का? त्या दिवशीचा माणसांचा रोज कोण देणार, तुम्ही?